तिला त्या रात्री काय माहीत होतं?

‘त्या बाईच्या घरात स्वयंपाक कोण करत होतं गं?’

आईने मिरजेहून फोनवर हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या कादंबरीची एकशेदहा पानं लिहून झाली होती. दर रविवारी मी तिला एक प्रकरण वाचून दाखवत असे. त्या रविवारी मेरी सरॅटच्या वॉशिंग्टनमधल्या घरातलं जेवणाचं टेबल मी मोठ्या हौसेने रंगवलं होतं. टेबलाशी बसून जॉन विल्क्स बूथ हसतोय, भाडेकरू त्याच्याकडे बघतायत, मुलगी ॲना लाजतेय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि हा एकच प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या टेबलावर जेवण आपोआप येत होतं.

अब्राहम लिंकनचा खून करणाऱ्या बूथच्या आसपासच्या बायकांवर मी मराठीत कादंबरी लिहिते आहे. बावीस वर्षं मेरीलँडमध्ये राहते, शाळेच्या ग्रंथालयात काम करते. बूथ याच राज्यात जन्मला, आणि त्याच्या कटात सामील ठरवून जिला फाशी दिली ती मेरी सरॅटही इथलीच. दोघांची घरं माझ्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. असलं काही लिहायचं म्हणणाऱ्या दोघीतिघींनी गेल्या वर्षभरात मला विचारलं, सुरुवात कुठून करू? त्यांना तुटक तुटक सांगितलं होतं, ते इथे सलग लिहिते. उदाहरणं माझ्या विषयातली आहेत; तुमचा मारेकरी दुसरा असेल, पण पद्धत उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक वही घ्या. तिला मी ‘माहितीची वही’ म्हणते. प्रत्येक बाईला स्वतंत्र पानं, आणि पानावर तारीख, वेळ आणि एकच नोंद: या क्षणी हिला काय माहीत आहे. ती कशी दिसते, तिला काय आवडतं, तिचं लहानपण कसं गेलं, हे सगळं नंतर. खुन्याजवळच्या बाईबद्दल लिहिताना आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो तो इथे. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून तिलाही तो माहीत असल्यासारखं आपण तिला वागवतो. ती दचकते, तिला अशुभ वाटतं, दिवा फडफडतो. खरं तर तिच्यासाठी तो शुक्रवार होता आणि तिला उसने दिलेले पैसे वसूल करायचे होते.

ही नुसती कल्पना नाही. १४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडे. मेरी सरॅट ही बेचाळिशीच्या आसपासची कॅथलिक विधवा. नवरा १८६२ मध्ये वारला, मागे कर्ज ठेवून. गावाकडचं टॅव्हर्न, म्हणजे दारूची आणि उतारूंच्या मुक्कामाची जागा, तिने जॉन लॉइड नावाच्या माणसाला वर्षाला ५०० डॉलरने भाड्याने दिलं आणि १८६४ च्या शरद ऋतूत ती वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवरच्या घरात येऊन भाडेकरू ठेवू लागली. त्या शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास ती बग्गीने गावाकडे निघाली. बग्गी ठरवायला तिने लुई वाइकमन या भाडेकरूला १० डॉलरची नोट दिली. जॉन नॉथी नावाच्या माणसाकडे तिचे ४७९ डॉलर आणि त्यावरचं व्याज थकलेलं होतं आणि तिच्या स्वतःच्या सावकाराने तगादा लावला होता. निघायच्या तोंडावर बूथ घरी आला आणि त्याने कागदात गुंडाळलेलं एक पुडकं तिच्याकडे दिलं. आत दुर्बीण होती. लॉइडने पुढे साक्ष दिली की, तिने ते पुडकं त्याला दिलं आणि बंदुका तयार ठेव, रात्री कुणीतरी न्यायला येईल, असंही सांगितलं. त्या रात्री दहा वाजून गेल्यावर बूथने लिंकनवर गोळी झाडली आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो त्याच टॅव्हर्नवर पोचला.

आता वही उघडा. लिंकन त्या रात्री फोर्ड्स थिएटरला येणार हे खुद्द बूथला कळलं दुपारी बाराच्या आसपास, तो आपली पत्रं घ्यायला थिएटरवर गेला तेव्हा. म्हणजे अडीच वाजता तो मेरीच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःलाच ही गोष्ट कळून दोन-अडीच तास झाले होते. त्याआधी महिनोन्‌महिने शिजत होता तो कट पळवून नेण्याचा: लिंकनला पकडायचं आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेचे कैदी सोडवायचे. १७ मार्चला तो प्रयत्न फसला होता. मेरीला पळवण्याच्या कटाचा सुगावा असेल आणि खुनाचा नसेल, हे शक्य आहे. दोन्हींचा असेल, हेही शक्य आहे. तिला फक्त पैसे वसूल करायचे होते आणि पुडकं हा शेजारधर्म होता, हेसुद्धा शक्य आहे. इतिहासकारांत यावर आजही एकमत नाही. कादंबरीकाराला मात्र तिच्या डोक्यात शिरायचं असतं, त्यामुळे ठरवावं लागतं. मी ठरवायला तीन महिने घेतले आणि या काळात तिचं एकही प्रकरण लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नका. न ठरवता लिहिलेली बाई एका पानावर साध्वी असते आणि दुसऱ्या पानावर कारस्थानी. वाचकाला ती गुंतागुंतीची वाटत नाही, लेखिकेचा गोंधळ तेवढा दिसतो.

आपल्या मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाला, गारद्यांनी केला. पण आपल्या जिभेवर राहिली ती ‘ध चा मा’ करणारी आनंदीबाई. खुनाच्या जवळ बाई दिसली की सूत्रधार तीच, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मेरी सरॅट पहिल्यांदा घरात शिरते तिथेच वाचक तिला आनंदीबाईच्या जागी बसवणार. म्हणून तिच्या पहिल्या तीन प्रकरणांत मी तिला फक्त हिशेब करताना दाखवलंय: कोळसा, भाडं, मुलाच्या हातात न टिकणारा पैसा. कट पुढे येईलच, वाचकाच्या मनात आधी ती एक घर चालवणारी बाई म्हणून ठाम बसू दे.

साधनांकडे येते. या खटल्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कागद डोंगराएवढे आहेत. तपासाचे आणि खटल्याचे मूळ कागद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांच्या मायक्रोफिल्मची १६ रिळं आहेत. ती आता घरबसल्या संगणकावरही वाचता येतात. मिरजेत बसलेल्या माणसालाही हे काम करता येईल, एवढं ते सोपं झालंय. त्या काळची वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

पण खटल्याचं इतिवृत्त कुठलं वाचता याला फार महत्त्व आहे. त्या काळी त्याच्या तीन वेगवेगळ्या छापील आवृत्त्या निघाल्या. बेन पिटमनची आवृत्ती सगळीकडे मिळते, वाचायला सोपी आहे, कारण तिच्यात वकिलांचे प्रश्न गाळून साक्षीदाराची उत्तरं सलग निवेदनासारखी जोडलेली आहेत. बेन पर्ली पूर आणि पीटरसन यांच्या आवृत्त्यांत प्रश्न-उत्तरं आहेत. मी आधी पिटमन वाचला. त्यात लॉइड ठामपणे, एका दमात बोलतो, म्हणून माझ्या मसुद्यात तो एक थंड डोक्याचा, बेरकी माणूस झाला होता. नंतर प्रश्नोत्तरं वाचली. तिथे लॉइड अडखळतो, वकील त्याला पुन्हा पुन्हा त्याच शब्दापाशी आणतात, आणि आपण त्या संध्याकाळी बरीच प्यायलो होतो हे तो स्वतः कबूल करतो. ज्याच्या साक्षीवर एक बाई फासावर गेली, तो माणूस त्या दिवशी दारू प्यालेला होता. मी लॉइड पुन्हा पहिल्यापासून लिहिला. तेव्हापासून माझा नियम झालाय: संवाद लिहायचा असेल तर सारांश चालत नाही. बाईच्या तोंडचं वाक्य कुणी टिपलं, कुणी विचारल्यावर ती बोलली, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, हे कळल्याशिवाय ते वाक्य वापरू नका.

मेरीच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. आरोपींना स्वतः साक्ष द्यायची त्या काळी मुभाच नव्हती. खटला नऊ लष्करी अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे चालला आणि सगळे तिच्याबद्दल बोलत असताना ती गप्प बसून होती. तिचा आवाज आपल्याला मिळतो तो दुसऱ्यांच्या जबान्यांतून, नाहीतर अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीच्या कागदांतून.

त्यातला एक प्रसंग सांगते, कारण लिहिण्याच्या दृष्टीने तो सोनं आहे. १७ एप्रिलची रात्र. लष्करी अधिकारी मेरीला अटक करायला घरात आलेत. तेवढ्यात दार वाजतं. बाहेर चिखलाने माखलेला धिप्पाड तरुण, डोक्याला शर्टाची बाही गुंडाळलेली, खांद्यावर कुदळ. म्हणतो, बाईंनी गटार खणायला सांगितलंय, कधी येऊ ते विचारायला आलोय. रात्री अकराच्या पुढे! हा लुइस पॉवेल. परराष्ट्रमंत्री सूअर्ड यांच्यावर घरात शिरून सुऱ्याने वार करणारा. मेरीला बोलावून विचारलं, याला ओळखता? तिने उजवा हात वर करून देवाची शपथ घेतली की, या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. पॉवेल याआधी तिच्या घरी येऊन राहून गेला होता. एकदा तर बॅप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून.

ती खोटं बोलली का? बचावाच्या साक्षीदारांनी सांगितलं की, तिची नजर फार अधू होती. ओळखीची माणसंही तिला रस्त्यात ओळखू येत नसत. आता लेखिकेने काय करायचं? मी काय केलं ते सांगते. शपथेचा प्रसंग लिहिण्याआधी दीडशे पानांत मी तिच्या नजरेचा एकही उल्लेख ‘नजर अधू’ अशा शब्दांत केला नाही. ती सुई ओवायला ॲनाकडे देते. पत्र वाइकमनकडून वाचून घेते. जिन्यावर पायाने पायरी चाचपते. त्या रात्रीपर्यंत वाचकाला हे सवयीचं झालेलं असतं. मग ती हात वर करते तेव्हा वाचकालाही ठरवता येत नाही. मी मनाशी काय ठरवलंय ते मी त्या पानावर सांगत नाही, पण ठरवलेलं आहे, म्हणून तिचा हात कसा वर जातो ते मला लिहिता येतं.

आठवणींच्या पुस्तकांशी सावध मैत्री ठेवावी. बूथची बहीण आशिया ही माझी दुसरी नायिका. भावापेक्षा अडीच वर्षांनी मोठी. १८५९ मध्ये तिने जॉन स्लीपर क्लार्क या विनोदी नटाशी लग्न केलं आणि ती फिलाडेल्फियाला राहू लागली. भावाने तिच्या घरच्या तिजोरीत एक लिफाफा ठेवायला दिला होता. त्यात त्याने स्वतःचं समर्थन लिहून ठेवलं होतं. खून झाला तेव्हा ती गरोदर होती, पोटात जुळं. नवऱ्याला धरून तुरुंगात टाकलं आणि तिच्या अवस्थेमुळे तिला घरातच पहाऱ्यात ठेवलं. १८६८ मध्ये ती इंग्लंडला गेली ती कायमची. १८८८ मध्ये तिथेच वारली. १८७४ मध्ये तिने भावाच्या आठवणी गुपचूप एका कुलूप असलेल्या काळ्या वहीत लिहिल्या आणि मरण्याआधी ती वही विश्वासातल्या माणसांकडे दिली. छापली गेली १९३८ मध्ये.

ती वही वाचताना मी दोनदा रडले. पण कादंबरीसाठी वापरायच्या आधी मी ती तीन रंगांच्या पेन्सिलींनी चाळली. हिरवा: तिने स्वतः पाहिलेलं, शांत दिवसांतलं. शेत, भावाचा ‘कोला’ नावाचा घोडा, दोघांनी मिळून केलेली घोड्यावरची रपेट. हे बिनधास्त घ्यावं. पिवळा: भावाने तिला सांगितलेलं. युद्धाच्या काळात दक्षिणेकडे चोरून क्विनाइन पोचवतो, असं तो तिला म्हणाला. तो असं म्हणाला, एवढंच घ्यावं. त्याने तसं केलं असं लिहू नये. तांबडा: शकुन आणि भाकितं. आईने शेकोटीच्या ज्वाळांत तान्ह्या बाळाच्या भवितव्याचं चिन्ह पाहिलं. जिप्सी बाईने हात बघून वाईट मरण सांगितलं. तांबड्यापाशी आपल्या मराठी लेखणीला फार मोह होतो. आपल्याकडे कुंडली, पाल, मांजर, सगळं हाताशी असतं. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवातच त्या शेकोटीने होती. नंतर ती काढली आणि शेवटाकडे नेली: नऊ वर्षांनी, इंग्लंडमध्ये, आशिया दार लावून बसलीय आणि आठवून आठवून तो हात बघण्याचा प्रसंग लिहितेय. आता ते भाकीत राहिलं नाही. आपल्या माणसाने असं का केलं याचं उत्तर शोधणारी बहीण झाली ती, आणि मला ती जास्त खरी वाटते.

आईबापांच्या लग्नाची गोष्टही वहीत तारखेनिशी लिहून ठेवा, कारण ती या घरातल्या बायकांना आतून पोखरत होती. बूथचा बाप, नामांकित नट ज्युनिअस ब्रूटस बूथ, इंग्लंडमध्ये लग्नाची बायको सोडून मेरी ॲन होम्सबरोबर अमेरिकेत आला होता. दहा मुलं झाली. पहिली बायको बाल्टिमोरला येऊन थडकली, घटस्फोट १८५१ मध्ये झाला आणि त्यानंतर मेरी ॲनशी रीतसर लग्न लागलं ते १० मे १८५१ ला. त्या दिवशी जॉन विल्क्स तेरा वर्षांचा झाला. तेरा वर्षांच्या पोराला आणि पंधरा वर्षांच्या आशियाला आईबापाच्या या लग्नाबद्दल काय वाटलं असेल, यावर एकही कागद नाही. इथे कादंबरीने जावं. कागद बोलतो तिथे त्याच्याविरुद्ध बोलू नये आणि कागद गप्प बसतो तिथे भिऊ नये.

आणि आता आईचा प्रश्न.

स्वयंपाक कोण करत होतं, हे शोधायला मी पुन्हा त्याच कागदांकडे गेले आणि मला लाज वाटली, कारण त्या बायका पहिल्यापासून तिथेच होत्या, मीच त्यांच्यावरून नजर पुढे नेली होती. एच स्ट्रीटच्या घरात काम करणारी सुझन माहोनी ही तरुण कृष्णवर्णीय बाई. खुनानंतर तिने घरातलं बोलणं ऐकलं, ते तिने नात्यातल्या एका बाईला सांगितलं आणि तिथून ते अधिकाऱ्यांपर्यंत पोचलं. १७ तारखेच्या त्या धाडीमागे तिचे कान होते. आयोगापुढे तिची साक्ष झाली नाही, पण १८६७ मध्ये मेरीच्या मुलावर खटला चालला तेव्हा ती साक्षीला उभी राहिली. दुसरी रेचल सीमस. तिने वर्षानुवर्षं मेरीकडे काम केलं होतं आणि ती बचावाच्या बाजूने उभी राहिली. मालकिणीची नजर अधू होती असं सांगणाऱ्यांत तीही होती. एकाच मालकिणीकडे राबलेल्या दोन बायका, दोन बाजूंना. तिसरी मेरी सिम्स, डॉक्टर मडच्या शेतावरची माजी गुलाम. बूथचा मोडलेला पाय ज्याने बांधला तो हा मड. तिने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याने आपल्याला मारलं होतं हेही सांगितलं. तिला खोटी ठरवायला बचावाने साक्षीदारांची रांग लावली. मेरीलँडच्या नेहमीच्या न्यायालयात गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष चालतच नसे. लष्करी आयोगापुढे मात्र रेचलचे आणि मेरी सिम्सचे शब्द कागदावर उतरले. ज्या तपासाने मेरी सरॅटला फासावर नेलं त्याच्याचमुळे मला सुझनचा आवाज मिळाला, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली अजून नीट उतरत नाही. कादंबरीचा गाभा आता तिथेच आहे.

मेरीलँडमध्ये गुलामी संपली ती १ नोव्हेंबर १८६४ ला. म्हणजे खुनाच्या वेळी इथल्या माणसांना मोकळं होऊन साडेपाच महिने झाले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते गुलामीचा अंत करण्यासाठी झटलेले लोक. ती अर्पणपत्रिका शिकलेल्या मराठी माणसाने ही कादंबरी लिहायची आणि त्यात चुलीपाशी कुणीच नसावं, हे चालणार नाही. मी एकशेदहा पानं बाजूला ठेवली. आता पहिलं प्रकरण सुझनचं आहे. पहाटेची वेळ आहे, ती चूल पेटवतेय आणि वरच्या मजल्यावरच्या पावलांवरून कोण जागं झालंय ते ओळखतेय. घरात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या खोलीत दिवा किती वेळ होता, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माहितीच्या वहीत सगळ्यात भरलेली पानं तिची झाली.

तिची भाषा मात्र सांभाळायला हवी. मराठीत नोकर माणूस आला की लेखणी आपसूक ‘व्हय जी’कडे वळते. सुझनला मी तसं बोलायला लावलं नाही. कोल्हापूरकडची नाहीतर वऱ्हाडातली बोली वॉशिंग्टनच्या बाईच्या तोंडी घातली की ती बाई तिथली राहत नाही आणि त्या बोलीचाही अपमान होतो. तिची वाक्यं मी फक्त छोटी ठेवली आणि मालकिणीसमोर ती उत्तराआधी थोडी थांबते. मागे नात्यातल्या बाईशी बोलताना ती थांबत नाही. तेवढा फरक वाचकाला पुरतो. ॲना आईला ‘आई’ म्हणते, ‘तू’ म्हणते. मराठीत तेच खरं वाटतं. बूथ मात्र मेरीला ‘तुम्ही’ म्हणतो आणि ‘बाई’ वगैरे लावत नाही, ‘मिसेस सरॅट’ म्हणतो. घराला काय म्हणायचं यात आठवडा गेला. ‘खाणावळ’ म्हटलं तर फक्त जेवण येतं, ‘वसतिगृह’ म्हटलं तर विद्यार्थी येतात. शेवटी ‘भाडेकरूंचं घर’ असं साधं लिहिलं. टॅव्हर्नला आधी ‘सराई’ लिहिलं होतं, पण त्या शब्दाबरोबर उंट आणि घुमट आले. ‘टॅव्हर्न’च ठेवलं आणि पहिल्याच उल्लेखात तिथलं टपाल, तिथली दारू आणि घोडे बदलायला थांबलेले उतारू दाखवून टाकले.

वस्तू गोळा करा. पुस्तकात एकेक वस्तू प्रकरणभर पुरते. एच स्ट्रीटच्या घराची झडती झाली तेव्हा ॲनाच्या ‘सकाळ, दुपार, रात्र’ नावाच्या चित्राच्या चौकटीमागे बूथचा फोटो लपवलेला सापडला. तो तिने स्वतः विकत घेतला होता. नटांचे छोटे फोटो तेव्हा दुकानात विकायला असत. बावीस वर्षांच्या मुलीने देखण्या नटाचा फोटो चौकटीमागे खोचला होता, आणि आईच्या खटल्यात तो पुरावा झाला. बूथ मेला तेव्हा त्याच्या खिशातल्या डायरीत पाच बायकांचे फोटो होते: चार नट्या आणि पाचवी लूसी हेल, न्यू हॅम्पशरच्या सेनेटरची मुलगी, जिच्याशी त्याचं लग्न ठरल्याचं सांगतात. ते फोटो फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयाकडे आहेत. लूसीला मी एकच प्रकरण दिलंय. तिच्यावर लिहिणारे खूप आहेत आणि गुप्त प्रेमाच्या गोष्टीत लेखिका फार लवकर वाहवते.

मला भेटलेला सगळ्यात अस्वस्थ करणारा तपशील एका लहान मुलीचा आहे. ॲपोलोनिया डीन, नऊ-दहा वर्षांची, मेरीच्या घरी राहायला होती. १५ मार्च १८६५ ला मेरीचा मुलगा जॉन आणि पॉवेल हे दोघे तिला आणि होनोरा फिट्झपॅट्रिक या भाडेकरू मुलीला फोर्ड्स थिएटरला नाटक बघायला घेऊन गेले. बसले कुठे, तर अध्यक्षांसाठी राखलेल्या बॉक्समध्ये. पुरुष जागा हेरत होते. मुलगी नाटक बघत होती. हे वाचल्यावर मी थिएटरला गेले आणि वर, त्या बॉक्सच्या बाजूच्या सज्ज्यात, मुद्दाम खाली वाकून, दहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून रंगमंच कसा दिसतो ते बघितलं. कठड्यावरून फक्त नटांची डोकी दिसतात. तिला पुढे सरकून बसावं लागलं असणार. हे कुठल्याच कागदात नाही, म्हणून जागेवर जायचं असतं.

जागा बघताना ऋतू आणि वेळही जुळवा. त्या रात्रीचा चंद्र पौर्णिमेनंतर चार दिवसांचा होता आणि दहाच्या सुमारास उगवला. म्हणजे बूथ पूल ओलांडून पळाला तेव्हा तो नुकता वर येत होता. मीही एप्रिलमध्ये, कृष्ण चतुर्थीच्या आसपास, रात्री टॅव्हर्नच्या रस्त्याला गाडी थांबवून उभी राहिले. एच स्ट्रीटचं घर अजून उभं आहे. मी गेले तेव्हा खाली चिनी उपाहारगृह होतं. जिन्याची रुंदी मनात मोजत मी तिथे भात खाल्ला. बेल एअरचं बूथ कुटुंबाचं घर, ट्युडर हॉल, काही ठरावीक रविवारी बघायला मिळतं. जाताना मोजपट्टी, वही आणि तिथल्या स्वयंसेवकांसाठी दहा नेमके प्रश्न घेऊन जा. ‘काही सांगा ना’ म्हटलं की सगळ्यांना सांगतात तेच आपल्यालाही सांगतात. ‘स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं का?’ असं विचारलं की तेही आपल्याबरोबर भिंतीला कान लावून उभे राहतात.

बूथला किती जागा द्यायची? थोडी, पण प्रामाणिक. तो देखणा होता, गोड बोलायचा, मुलांशी खेळायचा, आईवर जीव टाकायचा. खुनाच्या दिवशी, १४ तारखेच्या पहाटे दोनला, त्याने आईला चार ओळींचं साधंसुधं खुशालीचं पत्र लिहिलं. त्याला पहिल्यापासून राक्षस केलं तर त्याच्याशी हसून बोलणाऱ्या सगळ्या बायका मूर्ख ठरतात. पण तो गुलामीच्या बाजूने होता, कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळणार या विचाराने तो पेटला होता, हेही त्याच टेबलावर त्याच गोड आवाजात आलं पाहिजे. वाढणारी सुझन ते ऐकत असते. एवढं केलं की लेखिकेला आपलं मत वेगळं सांगावं लागत नाही.

फाशीचा प्रसंग मी सगळ्यात शेवटी लिहिला आणि तो सगळ्यात छोटा आहे. ७ जुलै १८६५, भाजून काढणारी दुपार. अलेक्झांडर गार्डनरने त्याचे एकामागून एक फोटो काढलेत. त्यात तख्त्यावर बसलेल्या मेरीच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरलेली दिसते. नऊपैकी पाच न्यायाधीशांनी तिच्यासाठी दयेची शिफारस केली होती. अध्यक्ष जॉन्सन पुढे म्हणाले, ती मी पाहिलीच नाही. सरकारी वकील होल्ट म्हणाले, मी दाखवली. ॲना सकाळी व्हाइट हाउसच्या पायऱ्यांवर विनवण्या करत राहिली, तिला वर जाऊ दिलं नाही. हे फोटो लिहिताना समोर ठेवू नका. मी ठेवले होते, आणि प्रकरण फोटोचं वर्णन झालं. फाडलं. मग ते ॲनाच्या बाजूने लिहिलं. तिने फाशी पाहिली नाही. तिला कळली. पुन्हा वहीकडे गेले: किती वाजता कळली, तेव्हा ती कुठे होती, सोबत कोण होतं.

मेरीचं शव चार वर्षांनी, १८६९ मध्ये घरच्यांना मिळालं. माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत तिचा दगड आहे, त्यावर फक्त ‘मिसेस सरॅट’ एवढंच. त्याच वर्षी ॲनाने लग्न केलं आणि नवऱ्याची सरकारी नोकरी लगेच गेली. माझी कादंबरी इथे संपणार होती. गेल्या रविवारी आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘आणि ती नाटक बघायला नेलेली पोरगी? तिला कुणी सांगितलं?’

वहीत ॲपोलोनियाचं पान १५ मार्चनंतर कोरं आहे. या आठवड्यात मी पुन्हा रिळं लावून बसलेय.